दूरच्या दीर्घिकांचा भडका

श्रोतेहो, एप्रिल महिन्यात रात्री नऊच्या सुमारास अंगणात या आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. सप्तर्षींचा चौकोन दिसेल. तो चौकोन आणि आपला माथा यांच्या साधारण मधोमध मार्केरियन ४२१ नावाची दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांना ती दिसायची नाही. तिचा प्रकाश येथे पोचायला सुमारे चाळीस कोटी वर्षे लागतात. पण स्वभावाने मोठी तापट! महिनोन्महिने निवांत असते आणि एखाद्या रात्री भडकते.

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या पोटात प्रचंड वजनाचे कृष्णविवर असते. काही ठिकाणी ते आसपासचा वायू ओढून घेत असते, आणि दोन्ही अंगांनी कणांचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. असा झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असला, की साध्या प्रकाशकणाच्या शेकडो, हजारो कोटी पट ऊर्जेचे गॅमा किरण आपल्या दिशेने येतात.

एवढे ऐकून कोणी घाबरू नये. "आज मध्यरात्री विश्वकिरण येणार, मोबाइल उशाशी ठेवू नका," अशी वार्ता अधूनमधून हातोहात फिरते. मुलांनी विचारले तर गुरुजींनी खुशाल सांगावे, की दीर्घिकांचे हे किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत. आपल्या डोक्यावर दहा-वीस किलोमीटर उंचीवरच हवा त्यांना अडवते.

मग पाहायचे कसे? गॅमा किरण हवेत शिरला की त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, तिच्यातून पुन्हा गॅमा किरण, अशी कणांची सरच खाली येते. हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी होतो, त्याच्याही पुढे हे कण धावतात. नांदेडला गोदावरीत मोटारबोट आपल्याच लाटांच्या पुढे गेली म्हणजे मागे पाचरीसारखी लाट उठते, तशी येथे निळसर प्रकाशाची लाट उठते. हा चेरेंकोव्ह प्रकाश. तो टिकतो सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता. म्हणून निरभ्र काळोखी रात्र आणि मोठा आरसा हवा.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटीला आणि पुढे पचमढीला असे प्रयोग केले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'टॅक्टिक' दुर्बिणीने अबू पर्वतावरून १९९७ साली मार्केरियन ५०१ चा भडका टिपला. लडाखातील हानले येथे 'हगार'च्या सात दुर्बिणींनी फेब्रुवारी २०१० मध्ये मार्केरियन ४२१ भडकलेली पाहिली. त्याच हानलेत, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण आहे. ती बांधली हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांनीच. उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ चे. पण डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्येच तिने एनजीसी १२७५ या दीर्घिकेचे भडके नोंदले होते.

भडका किती वेळ टिकला याला एवढे महत्त्व का? माळेगावच्या यात्रेत एक किलोमीटर लांब हलगीवाल्यांची रांग उभी आहे असे समजा. सर्वांनी एकाच क्षणी थाप मारली, तरी रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला शेवटची थाप तीन सेकंद उशिरा ऐकू येईल. आवाज लांबेल. तोच आवाज चटकन संपला, तर रांग आखूडच असली पाहिजे! प्रकाशाचेही तसेच. जुलै २००६ मध्ये नामिबियातील दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या दीर्घिकेचे तेज दोन-तीन मिनिटांत दुप्पट होताना पाहिले. झोत आपल्याकडेच धावत येतो म्हणून हा काळ आखडलेला दिसतो, तेवढी सूट हिशेबात द्यावी लागते. ती देऊनही भडक्याची जागा दीर्घिकेच्या मानाने चिमूटभर ठरते. एवढ्याशा जागेत कणांना एवढी ऊर्जा मिळते कशी, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही.

आणि असा भडका कोणाची वाट पाहत नाही. अमेरिकेत ॲरिझोनात उजाडले म्हणजे तेथील दुर्बीण मिटते, आफ्रिकेकडे अजून दिवस मावळलेला नसतो. मधल्या तासांत हानलेला रात्र असते.