उडीचा कायदा

क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी आपल्या फॅमिकॉम या घरगुती खेळयंत्रासाठी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ विक्रीस काढला. खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांचे मोजके सहकारी यांच्या हाती असलेली जागा इतकी तुटपुंजी होती, की आठ जगे, प्रत्येकी चार टप्पे, संगीत आणि झाडून सारी पात्रे अवघ्या ४० किलोबाइटांत बसवावी लागली. आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही एकच आकृती असून केवळ रंग निराळा आहे, हे ध्यानात आले म्हणजे त्या काटकसरीविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. परंतु या खेळाची थोरवी काटकसरीत नाही. ती त्याच्या उडीत आहे.

मियामोतो यांच्याच १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्येही या खेळाचा नायक मारिओ उडी मारीत असे, पण ती ठरीव मापाची होती, पाय जमिनीवरून सुटला, की खेळणाराचा अंमल संपला. १९८५ मध्ये हा शिरस्ता मोडला. ‘ए’ कळ नुसती टिचकावली तर मारिओ जेमतेम उसळतो. दाबून धरली तर वर जाताना त्याच्यावरचे गुरुत्वाकर्षण सौम्य राहते, आणि बोट उचलताच ते कठोर होऊन त्याला खाली खेचू लागते. धावत येऊन घेतलेली उडी उभ्याने घेतलेल्या उडीपेक्षा उंच जाते. हवेत असताना तोंड फिरवता येत नाही, पण वेग आवरण्याची मुभा असते. धावण्याचा वेग हळूहळू चढतो आणि एकाएकी उलट फिरू गेल्यास पाय घसरतात, त्यामुळे त्या सोळा ठिपके उंचीच्या चित्राला वजन येते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हे सारे अशास्त्रीय आहे. तरीही ते खोटे वाटत नाही, कारण पतंग वर चढल्यावरही मांजा जसा हातात राहावा, तशी ही उडी जमीन सोडल्यावरही खेळणाराच्या बोटाशी बांधलेली राहते.

असा कायदा केल्यावर तो शिकवायचा कसा? पहिल्या टप्प्यात शिकवणीचा एकही शब्द नाही. प्रारंभीच समोरून गूम्बा नावाचा शत्रू चालत येतो. धडकले तर प्राण जातो, वरून पडले तर तो चिरडला जातो. पुढे विटांच्या रांगेतील प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला खालून डोके लागताच अळंबी निघते, उजवीकडे घसरत जमिनीवर उतरते, नळाला आपटते आणि उलट फिरून थेट मारिओकडे येते. घाबरून तिला चुकवू पाहणारा नवखा डोक्यावरच्या विटांना आपटतो, अळंबी त्याला गाठते, आणि मरण्याऐवजी तो मोठा होतो! शत्रू आणि मित्र यांतला भेद इतक्या थोडक्या जागेत समजावून देणारी रचना मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पुढे समोरासमोर दोन पायऱ्यांचे ढीग येतात, त्यांच्यामध्ये जमीन असते. नंतर तसेच दोन ढीग पुन्हा येतात, आणि या खेपेस मध्ये खड्डा असतो. आधी निर्धास्त सराव, मग जिवावरची परीक्षा, अशी ही तजवीज आहे.

या शिकवणीला खेळ सर्वत्र जागलेला नाही. चौथ्या आणि सातव्या जगाच्या किल्ल्यांत चुकीची वाट धरली, की तोच मार्ग पुन्हा पुन्हा समोर येतो आणि चुकले कोठे याचा इशारा मिळत नाही. पडदा मागे सरकत नाही, ४०० पासून उतरणारा वेळेचा आकडा सेकंदांपेक्षा कितीतरी लवकर खाली येतो; तेथे उडीचे कौशल्य निरुपयोगी ठरते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातही फॅमिकॉमच्या नकली यंत्रांतून हा खेळ टीव्हीवर आला. एका कॅसेटमध्ये अनेक खेळ कोंबलेले असत. माहितीपत्रकाचा बहुधा पत्ताच नसे. उडी लांबवायची असली, की मुले कळ दाबून धरून खेळाचा रिमोटच हातासकट वर उचलीत. अळंबी आणि खड्डा यांचा उलगडा त्यांना पडद्यावरच होई. किल्ल्यातली वाट मात्र शेजारच्या मुलाला विचारावी लागे, आणि तो ती स्वतः खेळून दाखवण्याच्या अटीवरच सांगे.