जहाजावरील संगणक आणि खलाशाची झोप

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण परदेशी जाणारा आपला माल न्हावा शेवासारख्या बंदरातच जहाजावर चढतो. रत्नागिरी-रायगडकडील अनेक मुस्लिम कुटुंबांत जहाजावरची नोकरी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. उद्या आपल्याकडील मुलगाही तिकडे जाईल. पगाराची चौकशी सर्वजण करतात. जहाजावर संगणक आल्यापासून माणसाच्या मनावर काय ताण येतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

पूर्वी जहाज बंदरातून सुटले की कचेरीशी संबंध वायरलेसपुरता उरत असे. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहाचा उपयोग करणारी संकटसंदेश पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि बहुतेक जहाजांवरून रेडिओ ऑफिसरची जागा गेली. २०१२ ते २०१८ या काळात मोठ्या जहाजांवर संगणकी नकाशायंत्र टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. यामुळे सुरक्षितता वाढली, हे मान्यच केले पाहिजे. पण माणसे कमी झाली. आज मोठे मालवाहू जहाज साधारण वीस-पंचवीस जणांवर चालते.

काम मात्र कमी झालेले नाही. कचेरीत दुपार असते तेव्हा जहाजावर मध्यरात्र असू शकते. तेव्हाही ई-मेल येतो : तक्ता भरा, फोटो पाठवा. त्यात यंत्रांच्या इशाऱ्याच्या घंटा. झोप तुटते, चिडचिड वाढते, लक्ष उडते. दुकानदार शटर ओढून घरी जातो. खलाशाचे दुकान आणि घर एकाच जहाजावर असते.

यासाठी कायदा आहे. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ साली मान्य केला. त्यातील विश्रांतीचा नियम असा : २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास. १० तासांचे जास्तीत जास्त दोनच तुकडे करता येतात व त्यांतील एक सलग ६ तासांचा हवा. परंतु ही नोंदही संगणकातच होते. आकडे जुळले म्हणजे झोप झाली असे नव्हे. नोंदीत कामाचे तास 'जुळवून' लिहिले जातात, असे स्वीडनमधील जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० च्या अहवालात दिसून आले. खोट्या खतावणीने धंद्याचा तोटा झाकला जातो, भरून निघत नाही. तसेच हे आहे.

इंटरनेटचेही दोन पैलू आहेत. घरच्यांचा चेहरा दिसला की मन हलके होते. म्हणूनच २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, शक्य तेथवर, जहाजमालकाने खलाशांना ही सोय द्यायची आहे आणि दर लावलाच तर तो वाजवी हवा. पण जो तो मोबाइल घेऊन आपल्या खोलीत बसतो, एकत्र गप्पांची बैठक मोडते. शिवाय घरचे कर्ज, आजारपण, भांडण ऐन पाळीच्या तोंडावर कानी पडते.

म्हणून मुलाला पाठवण्यापूर्वी विश्रांतीचे तास आणि इंटरनेटची सोय विचारून घ्यावी. तो गेल्यावर त्याच्या पाळीची वेळ माहीत करून घ्यावी आणि झोपेच्या वेळी फोन करू नये. मन फारच खचले तर 'सीफेअरर हेल्प' ही खलाशांसाठीची मोफत मदतसेवा चोवीस तास चालू असते, हेही त्याला जाण्यापूर्वीच सांगून ठेवावे.