हरले तरी गाणारे लोक

आपल्या गावचा पहिलवान जत्रेच्या फडात चीत झाला, तर आपण काय करतो? कोणी हळहळतो, कोणी त्यालाच चार शब्द सुनावतो, आणि सगळे पांगतात. इंग्लंडात लिव्हरपूल नावाचे बंदराचे शहर आहे. तेथील लोकांची रीत निराळी आहे. ती आम्ही आज सांगतो.

लिव्हरपूल शहराच्या नावाचा फुटबॉलचा संघ १८९२ साली निघाला. बाप मुलाला बोट धरून सामन्याला नेतो. मुलगा मोठा झाला की तो आपल्या मुलाला नेतो. संघ जिंको की हरो, माणूस जन्मभर त्याचाच. घरच्या मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वी हजारो लोक लाल मफलर दोन्ही हातांनी उंच धरतात आणि एका सुरात गातात. गाण्याचा भाव एवढाच, की संकटात तू एकटा नाहीस.

गंमत अशी, की हे गाणे मुळात खेळाचे नव्हेच. १९४५ साली अमेरिकेतल्या एका संगीत नाटकासाठी ते रचले गेले. नवरा मेलेल्या बाईला धीर देण्यासाठी नाटकात ते म्हणतात. १९६३ साली लिव्हरपूलच्याच तरुण गायकांनी त्याची तबकडी काढली. ती मैदानावर कर्ण्यातून वाजू लागली. लोकांनी सूर उचलला, तो आजपर्यंत सोडलेला नाही.

२००५ साली इस्तंबूल शहरात युरोपातला मोठा अंतिम सामना होता. मध्यंतराला लिव्हरपूलवर ३ गोल चढले होते, यांचा एकही नव्हता. तरी लोक गाऊ लागले. पुढे संघाने ३ गोल फेडले आणि शेवटी पेनल्टीवर सामना जिंकला. गाण्याने गोल होत नाहीत, हे आम्हांलाही कळते. पण पडलेल्याला आपली माणसे जागेवर दिसली, की उठायला बळ येते.

हे झाले खेळातले. खरी कसोटी त्याआधीच लागली होती. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड शहरात सामना होता. गर्दी नीट आवरली गेली नाही. जाळीने बंद केलेल्या जागेत माणसे चेंगरली. एकूण ९७ जण दगावले. वर दोष प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला! मेलेल्यांच्या घरच्यांनी २७ वर्षे झगडा दिला. २०१६ साली निकाल लागला, की प्रेक्षकांचा काही दोष नव्हता. त्या दिवशी कोर्टाबाहेर सगळ्यांनी मिळून तेच गाणे म्हटले.

तेव्हा मंडळी, पुढच्या जत्रेत आपला गडी पडला, तर लगेच उठून जाऊ नका.