लंडनला निघालात? आधी बाबागाडी फिरवून बघा!

ऑफर लेटर एकाच्या नावावर येतं, पण घर वापरायचं असतं सगळ्या कुटुंबाला. लंडनमध्ये लहान मुलासह भाड्याचं घर शोधताना नकाशावर ऑफिसचा ठिपका सगळ्यात आधी लावू नका, असं मी का म्हणतेय? वाचा!

‘ऑनसाइट’ हा शब्द घरात आला की पहिले दोन दिवस पेढे आणि पुढचे दोन महिने याद्या! व्हिसा, बॅगांचं वजन, प्रेशर कुकर न्यायचा की तिथे घ्यायचा, मुलांची औषधं... या यादीत ‘घर’ बहुधा शेवटच्या ओळीत असतं. ‘ऑफिसजवळ बघू काहीतरी’ म्हणून विषय मिटतो. एकट्यानं जायचं असेल तर हा फंडा ठीक आहे. पण कडेवर तीन-चार वर्षांचं पोर असेल, तर घर यादीत सगळ्यात वर घ्या. कारण लंडनमध्ये मुलाची नर्सरी, शाळा, दुसऱ्या जोडीदाराची नोकरी आणि महिन्याचं बजेट या सगळ्याच्या दोऱ्या तुमच्या पत्त्याला बांधलेल्या असतात.

आम्ही ऑक्टोबर २०२३मध्ये पुण्याहून आलो. नवऱ्याचं ऑफिस कॅनरी वॉर्फला. लेक साडेतीन वर्षांची. आणि मी, नऊ वर्षांची नोकरी सोडून डिपेन्डन्ट व्हिसावर. कंपनीनं पाच आठवड्यांसाठी सर्व्हिस अपार्टमेंट दिलं होतं. तेवढ्या वेळात घर शोधायचं होतं.

दहा मिनिटं की पन्नास?

शेवटी दोन घरं उरली. एक आयल ऑफ डॉग्जवर, चौदाव्या मजल्यावर. काचेची बाल्कनी, खाली जिम, लॉबीत हसतमुख रिसेप्शन. ऑफिस चालत दहा मिनिटं! दुसरं किंग्जबरीला, झोन फोरमध्ये. दुमजली घराचा वरचा मजला, दोन बेडरूम, जुनं कार्पेट, आणि जुबिली लाइननं ऑफिसला पाऊण तासापेक्षा जास्त. भाडं १,८५० पौंड. पहिल्या घराचं भाडं महिन्याला साडेसातशे पौंडांनी जास्त.

नवऱ्याचं मत अर्थातच बाल्कनीला. मग मी एका कागदावर आमच्या तिघांचा दिवस मांडला. तो सकाळी साडेसातला जाणार, संध्याकाळी साडेसहाला येणार. म्हणजे त्या घरात आणि त्या गल्लीत उरलेले अकरा तास काढणार कोण? मी आणि लेक. मग घराची परीक्षा आमच्याच पायांनी व्हायला हवी ना!

म्हणून दोन्ही घरांच्या दारातून आम्ही बाबागाडी घेऊन निघालो आणि प्रत्येक दिशेला पंधरा मिनिटं चालून बघितलं. नर्सरी किती लांब? दवाखाना? लायब्ररी? बाग? भाजी? आयल ऑफ डॉग्जवर मडशूट फार्ममधल्या मेंढ्या बघून लेक हरखली, हे मान्य करायलाच हवं. पण जवळच्या नर्सरीत होती ती जागा फक्त पूर्ण दिवसाची. किंग्जबरीत पंधरा मिनिटांच्या आत नर्सरी, लायब्ररी, रो ग्रीन पार्क आणि किंग्जबरी रोडवर कोथिंबिरीपासून तूरडाळीपर्यंत सगळं! नवऱ्याच्या प्रवासालाही उतारा निघाला. किंग्जबरी हे स्टॅनमोरहून चौथं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते आणि थेट कॅनरी वॉर्फपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. पुण्यात हिंजवडीला जाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

पंधरा तासांचं गणित

आता पैशांचं बघू. लंडनमध्ये पूर्ण दिवसाची नर्सरी फार महाग पडते. मूल तीन वर्षांचं झालं की त्यानंतरच्या टर्मपासून इंग्लंडमध्ये आठवड्याला पंधरा तास मोफत मिळतात, वर्षाचे ३८ आठवडे. हे सगळ्यांसाठी आहे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना सप्टेंबर २०२५पासून मूल नऊ महिन्यांचं झाल्यावर ३० तासही मिळू लागले. पण थांबा! आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्क व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ ही अट असते. दोघांच्याही व्हिसावर ती असेल तर हे ३० तास विसरा. हातात उरतात ते पंधराच.

आठवड्याला पंधरा म्हणजे रोजचे तीन. नर्सरी बसनं पंचवीस मिनिटांवर असेल तर मुलीला सोडून घरी येईपर्यंत पुन्हा आणायला निघायची वेळ होते. नर्सरी सात मिनिटांवर असेल तर त्याच तीन तासांत इंटरव्ह्यूची तयारी होते, फोनवरचे राउंड होतात. डिपेन्डन्ट व्हिसावर नोकरी करायला परवानगी आहे, पण त्या परवानगीचा उपयोग करता येईल की नाही, हे नर्सरीच्या अंतरावर ठरतं. मार्च २०२४मध्ये मला वेम्बलीत आठवड्याला तीन दिवसांची नोकरी मिळाली. तिचं पहिलं श्रेय मी त्या सात मिनिटांना देते.

१५ जानेवारी लक्षात ठेवा

इंग्लंडमध्ये ३१ ऑगस्टपर्यंत चार वर्षं पूर्ण झालेलं मूल त्या सप्टेंबरमध्ये ‘रिसेप्शन’ वर्गात जाऊ शकतं. सरकारी शाळेत फी नाही. अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी आणि निकाल १६ एप्रिलच्या सुमारास. भावंडं वगैरेंनंतर बहुतेक शाळा घरापासूनचं अंतर मोजतात. आधीच्या वर्षी शेवटचा प्रवेश मिळालेलं मूल किती अंतरावर राहत होतं, याचे आकडे बऱ्याच काउन्सिल जाहीर करतात. घर ठरवण्याआधी ते बघाच. आमचा करार नोव्हेंबरच्या शेवटी झाला आणि लेकीचा अर्ज नव्या पत्त्यावरून वेळेत गेला.

मूल मोठं असेल आणि वर्षाच्या मध्ये येत असाल, तर गणित बदलतं. तेव्हा शाळेच्या समोर राहूनही त्या इयत्तेत जागा नसेल तर उपयोग नाही. आधी काउन्सिलला विचारा, जागा कुठे आहेत ते. आणि जाहिरातीत ‘आउटस्टँडिंग शाळेजवळ’ असं दिसलं तर तपासणीचं वर्ष बघा. सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा देणं ऑफस्टेडनं सप्टेंबर २०२४मध्ये बंद केलं.

एजंट नावाचं प्रकरण

एक खूशखबर! जून २०१९पासून इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून एजंटला दलाली घेता येत नाही. वर्षाचं भाडं ५० हजार पौंडांच्या खाली असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांचं, आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा व्हायला हवं. घर अडवून ठेवायला एका आठवड्याचं भाडं, त्याहून जास्त नाही.

पण एजंट बघतो तो तुमचा पगार. वर्षाचं उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या तीसपट हवं, असा सर्रास हिशेब असतो. म्हणजे १,८५० पौंडांच्या घराला ५५,५०० पौंड. शिवाय नव्यानं आलेल्या माणसाला इथली क्रेडिट हिस्टरी नसते. आमच्याकडे एका एजंटनं सरळ सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. ‘नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे’ हा डायलॉग इथेही आहे बरं का! शेवटी कंपनीचं पत्र आणि पगाराचा करार पुढे करून किंग्जबरीच्या मालकाशी तीन महिन्यांवर तोड निघाली. तुमचं मात्र हे टेन्शन कमी व्हावं. २०२५च्या रेंटर्स राइट्स कायद्यातल्या तरतुदी १ मे २०२६पासूनच्या करारांसाठी आहेत. त्यानुसार नव्या भाडेकरूकडून एका महिन्याहून जास्त भाडं आगाऊ घ्यायचं नाही, जाहिरातीतल्या रकमेपेक्षा चढी बोली स्वीकारायची नाही आणि मुलं आहेत म्हणून घर नाकारायचं नाही. अशा वेळी मालक जामीनदार मागू शकतो. कंपनी जामीन राहील का, हे पुण्या-मुंबईतून निघण्याआधीच एचआरला विचारून ठेवा.

आणि हो, भाडं आठवड्याचं की महिन्याचं ते नीट वाचा. आठवड्याला ४५० म्हणजे महिन्याला १,८०० नव्हे, १,९५० पौंड. वर काउन्सिल टॅक्स वेगळा आणि तो भाडेकरूनंच भरायचा. एकाच बँडच्या घराला ब्रेन्टमध्ये तो वॉन्ड्सवर्थच्या दुपटीच्या आसपास जातो.

लंडनला येऊन पुन्हा आपलेच लोक?

हा प्रश्न आम्हालाही पडला होता. इतक्या लांब येऊन गुजराती दुकानं आणि मराठी गप्पाच हव्या होत्या तर पुणं काय वाईट होतं? मग डॉलिस हिलला, १९३२पासून चालत आलेल्या महाराष्ट्र मंडळात एक काकू भेटल्या. म्हणाल्या, ‘अगं, हौसेनं लांब राहायला सगळं आयुष्य पडलंय. पहिल्या हिवाळ्यात तापानं फणफणलेली पोर घेऊन तू कुणाचं दार वाजवणार, ते आधी बघ.’

डिसेंबरमध्ये इथे चारच्या आत सूर्य मावळतो. नवरा ऑफिसात, बाहेर काळोख, लेक कंटाळलेली. त्या महिन्यात लायब्ररीतला गोष्टींचा तास आणि खालच्या मजल्यावरच्या आजींचं दार यांनी मला सावरलं. आजी मराठी नव्हत्या, गुजराती होत्या. चहा मात्र आल्याचाच असायचा! ऑफिसजवळची बाल्कनी दोन वर्षांनीही मिळेल. पहिलं वर्ष मात्र दिवसभर घरी असणाऱ्या माणसाच्या सोयीचं असू द्या.

घर बघायला जाताना

* कपाटामागे, खिडकीच्या कडांना आणि बाथरूमच्या छताला काळी बुरशी आहे का, ते बघा. २०२०मध्ये रॉचडेलमध्ये दोन वर्षांचा अवाब इशाक बुरशीच्या घरात राहून दगावला. ताजा रंग दिसला तर हटकून विचारा.
* एनर्जी सर्टिफिकेट मागा. भाड्याच्या घराला साधारणपणे किमान ‘ई’ दर्जा लागतो. दर्जा जितका खाली, तितकं हिवाळ्यातलं बिल वर!
* एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं चाला.
* बाबागाडी कुठे ठेवणार? जिना किती अरुंद? ट्यूबच्या नकाशावर व्हीलचेअरची खूण असलेल्या स्टेशनांवर जिने चढावे लागत नाहीत.
* पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड तयार ठेवा. भाड्यानं राहायचा हक्क मालकाला तपासावाच लागतो.
* फोटो कितीही झकास असोत, घर न बघता भारतातून एक पौंडही पाठवू नका.