नवऱ्याच्या खिशातून बायकोच्या पर्समध्ये

पहिल्या तारखेचा पगार आधी कुणाच्या हातात पडतो हो तुमच्या घरी? तुमच्या, की ‘ह्यांच्या’? पाकिटातून येवो, नाहीतर हल्लीसारखा बँकेत जमा होवो. वाणी, दूधवाला नि मुलांची फी ज्या हाताने भागवायची, त्या हाताला पैसे बहुधा मागूनच घ्यावे लागतात. ह्याच दुखण्यावर इंग्लंडातल्या एका बाईने स्वतःच्या पक्षाच्या सरकारशी भांडण मांडलं. तिचं नाव बार्बरा कॅसल.

जन्म १९१० चा. वडील आयकर खात्यात, विचारांनी समाजवादी. ऑक्सफर्डचं शिक्षण झालं आणि १९३७ साली बार्बराबाई लंडनच्या सेंट पँक्रास नगरपालिकेत निवडून आल्या. (आपले कृष्ण मेनन तेव्हा त्याच पालिकेत नगरसेवक होते, बरं का!) १९४४ मध्ये पत्रकार टेड कॅसल यांच्याशी लग्न झालं. दुसऱ्याच वर्षी ब्लॅकबर्न ह्या कापडगिरण्यांच्या गावाने त्यांना पार्लमेंटात पाठवलं, ते थेट १९७९ पर्यंत!

१९६५ च्या डिसेंबरात त्या वाहतूकमंत्री झाल्या. गंमत म्हणजे बाईंना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. पण दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांचा श्वास तपासण्याचा कायदा त्यांनी आणला आणि पहिल्याच वर्षी रस्त्यावरचे हजारावर जीव वाचले. पुढे १९६८ साली फोर्ड कारखान्यात मोटारींच्या गाद्यांची कव्हरं शिवणाऱ्या बायकांनी संप केला, तेव्हा ह्या मजूरमंत्री होत्या. संपकरी बायकांना त्यांनी चहाला बोलावलं, तडजोड घडवली आणि १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा करून घेतला. सगळंच साधलं असं मात्र नाही. कामगार संघटनांना लगाम घालण्याचा त्यांचा १९६९ चा बेत पार फसला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. तिकडे मुलांपोटी आयकरात सूट मिळायची. ती अर्थातच बहुतेक घरांत बापाच्या पगारात जमा. आईला टपाल कचेरीतून आठवड्याला थोडा भत्ता मिळे, तोही दुसऱ्या मुलापासून पुढे. पहिलं मूल जणू हवेवरच वाढतं! १९७५ साली समाजकल्याणाचं खातं हाती असताना बाईंनी कायदा केला, की ही सूट बंद. त्याऐवजी प्रत्येक मुलामागे, अगदी पहिल्यासुद्धा, रोख रक्कम आईच्या हाती. पैसा नवऱ्याच्या खिशातून निघून बायकोच्या पर्समध्ये जायचा.

मग व्हायचं तेच झालं. १९७६ च्या एप्रिलमध्ये नवे पंतप्रधान कॅलहॅन यांनी बाईंना मंत्रिमंडळातून काढलं. पुढच्याच महिन्यात मंत्रिमंडळाने ही योजना लांबणीवर टाकली. कारण काय, तर पुरुषांच्या हाती पडणारा पगार घटेल, ते चिडतील! बायका चिडतील ह्याची धास्ती कुणालाच नव्हती. पण बैठकीतली ही खलबतं एका साप्ताहिकात फुटली आणि गदारोळ उडाला. बाई मागच्या बाकांवरून भांडतच होत्या. शेवटी सरकार नमलं. १९७७ पासून टप्प्याटप्प्याने, आणि १९७९ मध्ये पुरती, ती रक्कम आयांच्या हाती येऊ लागली.

त्याच १९७९ साली युरोपच्या पार्लमेंटाची पहिली थेट निवडणूक झाली. ज्या युरोपीय बाजारात ब्रिटनने राहू नये म्हणून १९७५ च्या सार्वमतात त्यांनी प्रचार केला होता, त्याच्याच पार्लमेंटात बाई अडुसष्टाव्या वर्षी निवडून गेल्या. त्याच वर्षअखेरीस टेड वारले. बाई मात्र दहा वर्षं तिथे टिकल्या, पहिली सहा वर्षं आपल्या पक्षाच्या गटाच्या नेत्या म्हणून. युरोपच्या शेतीधोरणावर त्यांचा विशेष राग. गोदामात लोण्याचे डोंगर साचलेले आणि गृहिणीला दुकानात भाव चढे, हे कुठल्या बाईला पटेल?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती त्यांच्या बाजूची नाही. घरच्या अपंग माणसाची शुश्रूषा करायला नोकरी सोडणाऱ्यांसाठी १९७६ मध्ये भत्ता सुरू झाला. तो कायदाही बाईंच्याच खात्याचा. पण नवऱ्याबरोबर राहणाऱ्या लग्नाच्या बायकोला तो मिळत नसे. का, तर ती काय, एरवीही घरीच असते! आईची सेवा करणारी एक विवाहित स्त्री ह्याविरुद्ध कोर्टात गेली आणि १९८६ साली तिला न्याय मिळाला तो लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात. म्हणजे बाईंना नको असलेल्या त्याच युरोपकडून.

१९९० मध्ये बाई लॉर्डांच्या सभागृहात गेल्या. तिथे पुढे सरकार त्यांच्याच पक्षाचं आलं, तरी म्हाताऱ्यांची पेन्शन वाढवा म्हणून त्या त्याच्याशी भांडत राहिल्या. २००२ च्या मे महिन्यात, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.