वाटीचं माप आणि हाताचा अंदाज

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली निघालं आणि बघता बघता लग्न झालेल्या मुलीला द्यायचं पुस्तक होऊन बसलं. मराठीत त्याआधी पाकपुस्तकं नव्हती असं नाही. ‘सूपशास्त्र’ तर १८७५चं. तरी तेलाच्या डागांसह ओट्याशेजारी राहिलं ते ‘रुचिरा’. पदार्थ भरपूर म्हणून, असं सांगतात. मला खरं कारण वाटी-चमच्याच्या मापात दिसतं. हाताशी असेल ती वाटी घ्यावी आणि शेवटपर्यंत तीच वापरावी. उकडीला वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, पुरणाला डाळीइतकाच गूळ; घर दोघांचं असो की पंगत बारा पानांची, हिशेब तोच. तराजू लागत नाही आणि असं प्रमाण चार-सहा खेपांत पाठ होतं. पुस्तकावर विसंबणं म्हणजे कायम पान उघडं ठेवणं, हा समज इथेच चुकतो. आमटी-भाजीला कोणी पुस्तक काढत नाही. ते निघतं चकलीला, अनारशांना, पाकाच्या लाडवांना, म्हणजे जिथे चूक सहज निस्तरत नाही तिथे. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. भाजणीत मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर कडक होते. पुढच्या घाण्यापूर्वी भिजवलेलं पीठ सावरता येईलही, पहिला घाणा मात्र गेलाच.

यावर ठरलेला आक्षेप असा, की चव हातात असते आणि पुस्तकावर चालणाऱ्याला अंदाज कधी येत नाही. पण अंदाज येतो कुठून? पंचवीस-तीस वर्षं तोच डाव, तोच पिठाचा डबा, तेच पातेलं वापरणाऱ्या बाईचा अंदाज हे मुरलेलं मापच असतं. नोकरीसाठी परगावी खोली घेतलेल्या मुलाकडे ना तो डबा असतो, ना ती वर्षं; पुस्तकाची वाटी त्याला सुरुवात करून देते. पुढचं शिकायचं उरतंच. नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त, आणि दुकानातून आलेला तांदूळ नेमका किती जुना हे कोणतंही पान सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. एकच पुस्तक घरोघरी गेलं की त्यातली चव ‘महाराष्ट्रीय’ ठरते. गोडा मसाला, आमटीत गूळ, वर ओलं खोबरं हा मुख्यतः एका वर्गाच्या ओट्यावरचा तोल. शाहू पाटोळ्यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या दलित घरांचं अन्न नोंदवलं, तेव्हा मांसाच्या वाळवलेल्या चान्यांसारख्या गोष्टी छापील पानावर आल्या; तेलातुपाची चैन नसलेला स्वयंपाक होता तो. वाटीचं प्रमाण कुठल्याही स्वयंपाकाला चालतं, पण त्या वाटीत काय घ्यायचं हे लिहिणाराच ठरवतो. म्हणून आवडतं पुस्तक एक असावं, फळीवर मात्र दोन-तीन असावीत.

राहिला मोबाईल. उकड किती मऊ मळायची, पाकाची तार कशी दिसते, हे व्हिडिओ चांगलं दाखवतो, आणि तिथे पुस्तकाने हार मानावी. पण कणकेच्या हातांनी तो मागे-पुढे सरकवत ‘पाणी किती?’ शोधायचं, आणि उत्तर यायचं ‘अंदाजाने’, यापेक्षा पान उलटणं सोपं.