दारात जनित्र, खांबावर माणूस

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेवर लिहिणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. पण सुट्टीत मी एका परवानाधारक वायरमनच्या हाताखाली काम करतो. तेथे कळलेली ही गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी पेट्रोलवर चालणारे छोटे जनित्र कुणालाही हवेसे वाटते. मग एक युक्ती सुचते. वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग लावायचे, एक जनित्रात आणि दुसरा भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा. सारे घर उजळते! पण ही युक्ती माणूस मारणारी आहे.

कारण तारेला आत-बाहेर कळत नाही. मेन स्विच चालू राहिला, तर जनित्राची वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. गावातला ट्रान्स्फॉर्मर ११ हजार व्होल्टचा दाब उतरवून आपल्याला २३० व्होल्ट देतो. वीज उलट्या बाजूने आली, की तोच ट्रान्स्फॉर्मर दाब पुन्हा हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. इकडे उपकेंद्रातून पुरवठा बंद करून घेतलेला लाईनमन तारेला हात घालत असतो. कामाआधी तारा जमिनीशी जोडून घेण्याचा नियम आहे. तरी त्याचा जीव आपण आपल्या प्लगवर टांगून का ठेवावा? शिवाय त्या वायरीचा एक प्लग निसटला, तर त्याच्या उघड्या पिनांत वीज खेळत असते. घरातले मूलही हात लावू शकते.

“मेन स्विच पाडला की झाले,” असे पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. अंधारात, घाईत कुणीतरी विसरणारच. आणि काही घरांतला स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

खरा उपाय म्हणजे चेंजओव्हर स्विच. तो मीटर आणि घरातील वितरण पेटी यांच्यामध्ये बसतो. दांडा एका बाजूला केला की बाहेरची वीज, दुसऱ्या बाजूला जनित्र, मध्ये काहीच नाही. दोन्ही एकाच वेळी जोडले जाणे शक्यच नसते. माणसाच्या आठवणीवर काही अवलंबून राहत नाही. मात्र तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा, आणि परवानाधारक माणसानेच बसवलेला हवा. जनित्राचे अर्थिंगही त्यालाच करू द्यावे.

एवढा खर्च झेपत नसेल, तर भिंतीच्या वाटेला जाऊच नये. जनित्रातून चांगली जाड एक्स्टेन्शन वायर काढून दिवा, पंखा, फ्रीज थेट तिला जोडावा. २ केव्हीएचे जनित्र जेमतेम साडेआठ अँपिअर देते. गीझरचा मोह नको.

जनित्र पडवीतही नको. अंगणात, दारे-खिडक्यांपासून दूर ठेवावे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. पेट्रोल यंत्र थंड झाल्यावरच ओतावे.

आणखी एक. चेंजओव्हर बसवताना मीटरच्या बाजूला एक छोटा दर्शक दिवा लावून घ्यावा. तो पेटला की बाहेरची वीज आली असे समजावे, दांडा मधल्या खुणेवर आणावा, जनित्र बंद करावे आणि मगच दांडा पलीकडे न्यावा.